शिडीवरून दिसलेली चिमणी

फिटरकाकांची उमेदीची सगळी वर्षं एका विमानाच्या पायाशी गेली, पण त्या विमानातून ते एकदाही वर गेले नाहीत. जाणार तरी कसे? आत जागाच मुळी एका माणसाची. ते लढाऊ विमान इतकं आटोपशीर होतं, की वैमानिक त्यात बसत नाही, सदऱ्यासारखं ते अंगात घालतो, असं हवाई तळावरचे लोक म्हणत. त्याचं सरकारी नाव आकड्या-अक्षरांचं होतं आणि ते कुणाच्याच तोंडी बसलं नाही. सगळे त्याला चिमणी म्हणत. पक्ष्यासारखी चिमुकली म्हणूनही चिमणी, आणि सुरू होताना शेपटाकडून भसकन काळा धूर सोडायची म्हणूनही चिमणी.

काका तिचे फिटर. पोटाखाली वाकून कुठे तेल ठिबकतंय का बघायचं, हवा ओढून घेणाऱ्या तोंडात खांद्यापर्यंत हात घालून खडा, पीस, चिंधी काही राहिलेलं नाही ना हे चाचपायचं. वैमानिक आला की डाव्या बाजूच्या शिडीवर चढून त्याचे पट्टे आवळायचे. शेवटी आसनाची लाल फीत लावलेली पिन उपसून त्याच्या डोळ्यांसमोर धरायची. म्हणजे आता खरोखरच संकट आलं तर आसन तुम्हाला बाहेर फेकेल, साहेब, इथून पुढे तुमचं तुम्ही बघा. मग काच बंद. शिडी बाजूला. चाकांपुढचे ठोकळे ओढले की काकांचं काम संपलं. चिमणी कानठळ्या बसवत धावत सुटायची, जमीन सोडायची, ठिपका व्हायची, आणि बघता बघता ठिपकाही पुसला जायचा. त्यानंतर काका एका पालथ्या खोक्यावर बसून राहायचे, ती परत येईपर्यंत.

“यांना पगार वाट बघण्याचा मिळायचा,” काकू म्हणायच्या. “बाकीचं सगळं वरकड.”

काकूंची जीभ जरा तिखट होती, पण बोलणं खोटं नव्हतं. सगळ्या चिमण्या परत यायच्या असंही नव्हतं. एकदा दुपारी काकांनी ज्यांचे पट्टे आवळले, पिन दाखवली, ते साहेब परत आलेच नाहीत. तळावरच्या साहेबांत वयानं सगळ्यात लहान, म्हणून सगळे त्यांना धाकटे साहेब म्हणत. समुद्रावर गेले होते. विमान मिळालं नाही, माणूसही मिळाला नाही. चौकशी झाली, जमिनीवरच्या कुणाची चूक निघाली नाही, आकाशातल्याचीही निघाली नाही. पण काका त्या दिवशी खोक्यावरून उठायलाच तयार नव्हते. ऊन कललं, दिवे लागले, शेवटी दोघांनी दंडाला धरून त्यांना उठवलं.

तेव्हापासून त्यांना एक स्वप्न पडायला लागलं. ते शिडीच्या वरच्या पायरीवर उभे आहेत, हातात पिन आहे, आणि खाली बघतात तर विमान नाही. जमीनही नाही. नुसती शिडी ढगात उभी. भीती अशी वाटायची नाही. फक्त पिन कुणाला दाखवायची तेच कळायचं नाही.

पुढे चिमण्या म्हाताऱ्या झाल्या, भंगारात गेल्या, वितळल्या. काकाही निवृत्त झाले. मुलगा जहाजावर कामाला लागला, त्याचं लग्न झालं, सून घरात आली. मुलगा वर्षातला बराच काळ पाण्यावर, त्यामुळे घरात माणसं तीन: काका, काकू आणि सूनबाई.

सूनबाई नळ आणि बेसिन बनवणाऱ्या एका कंपनीत होती. नळ बनण्याआधी तो संगणकावर जसाच्या तसा घडवायचा, सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचा, त्याच्यावर उजेड कसा पडेल तेही दाखवायचं, हे तिचं काम. घरी आल्यावर मात्र ती मागच्या खोलीत दुसरंच काहीतरी घेऊन बसायची. काका त्या वाटेला जात नसत. सुनेच्या खोलीत कशाला डोकवा?

एके संध्याकाळी ते तिला चहा झाल्याचं सांगायला गेले आणि दारातच खिळले. पडद्यावर एक नाक होतं. करड्या रंगाचं, किंचित खाली झुकलेलं, दोन्ही बाजूंना हवेची तोंडं.

“हे नाक चुकलंय,” काका म्हणाले.

सूनबाई दचकून वळली. “काय चुकलंय, बाबा?”

“चिमणीचं नाक एवढं टोकदार नव्हतं. माझं डोकं रोज आपटायचं त्याच्यावर. टोकदार असतं तर मी आज दिसलो नसतो.”

तेव्हा कुठे एकाच घरात राहणाऱ्या त्या दोघांना एकमेकांचा पत्ता लागला. सूनबाईला एवढंच ठाऊक होतं, की सासरे विमानतळावर नोकरीला होते. काकांना एवढंच, की सून काहीतरी गेम खेळते. खरी गोष्ट अशी, की सूनबाई हौशी मंडळींच्या एका गटात सामील होती. एक शाळामास्तर, एक पाववाला, एक ट्रक चालवणारी बाई, एक निवृत्त घड्याळजी, सगळे वेगवेगळ्या देशांतले, एकमेकांना कधी प्रत्यक्ष न भेटलेले. जुनी लढाऊ विमानं संगणकावर पुन्हा उभी करायची, आणि ती नुसती दिसायला नाही, तर उडायलाही हुबेहूब, हा त्यांचा ध्यास. नेम मारायचा नाही, गुण मिळवायचे नाहीत. जे विमान जगातून गेलं ते कुणालाही घरबसल्या जसंच्या तसं उडवता आलं पाहिजे, बस. सध्या त्यांनी चिमणी घेतली होती. आराखडे मिळाले होते, वैमानिकांची पुस्तिका मिळाली होती, धूसर फोटो मिळाले होते. तिला हात लावलेला माणूस मात्र मिळाला नव्हता.

“आणि तो इथे स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलत होता,” सूनबाई हसत म्हणाली.

त्या दिवसापासून मागच्या खोलीत एक स्टूल वाढलं. काकूंचं शिवणयंत्र तिथून गॅलरीत गेलं, आणि काकूंनी त्याबद्दल जे ऐकवलं ते इथे न सांगितलेलंच बरं.

काका स्टुलावर बसून सांगायचे, सूनबाई घडवायची. शिडी टेकायची त्या जागी रंग उडून पत्रा कसा चमकायचा. काचेच्या कडेला वैमानिकांच्या हातमोज्यांनी कशी काळपट रेघ उमटली होती. पोटाखाली एक झाकण, त्याचे स्क्रू कायम दोन जातींचे, कारण मूळचे कधीच पुरायचे नाहीत. सूनबाई एखाद्या खटक्याची जागा विचारायची, तेव्हा काका डोळे मिटायचे आणि त्यांचा हात हवेत आपसूक पुढे जाऊन कुठेतरी थांबायचा. “इथे,” ते म्हणायचे. सूनबाई टेप लावून अंतर मोजायची. आराखड्याशी ताडून बघायची तर बोटाचाही फरक निघायचा नाही.

नेहमीच असं व्हायचं असं मात्र नाही. एका धोक्याच्या दिव्यावरून त्यांचं घड्याळजींशी चांगलंच वाजलं. काका म्हणत, दिवा लाल आणि उजवीकडे. घड्याळजी पलीकडच्या खंडातून म्हणत, पिवळा आणि डावीकडे. काका इरेला पेटले. “मी हाताळलाय तो दिवा! या माणसाने नुसती घड्याळं उघडली आहेत!” मग एक स्वच्छ रंगीत फोटो मिळाला. दिवा पिवळा होता. डावीकडे होता. काकांनी चिमणीत दुसऱ्याच एका विमानाचा दिवा बसवला होता, आणि इतकी वर्षं तो डोक्यात तसाच पेटत राहिला होता. दोन दिवस ते खोलीत फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले, “आठवणीलाही गंज चढतो, सूनबाई. मी काहीही सांगितलं तरी ताडून घेत जा.”

सुट्टीच्या दिवशी दोघं शहराच्या टोकाच्या चौकात जाऊन आले. तिथे एक चिमणी खांबावर चढवून ठेवली होती, शोभेला. बागखात्याच्या माणसाने मोठी शिडी लावून दिली आणि खाली विडी ओढत बसला. कुणीतरी हौसेने तिला निळाभोर रंग फासला होता. आतून ती पार रिकामी. काटे नाहीत, खटके नाहीत, आसन नाही. कबुतरांनी तेवढं घर थाटलेलं. सूनबाईने हवेच्या तोंडाची गोलाई मोजून घेतली. काकांनी सवयीने त्या तोंडात खांद्यापर्यंत हात घातला, आतला पाला, काड्या, पिसं मुठीमुठीने बाहेर काढली, आणि तोंड स्वच्छ करूनच खाली उतरले. “आता ती काय उडणार आहे का, आजोबा?” बागखात्याचा माणूस म्हणाला. काकांनी हात झटकले. “ते मला नका विचारू. माझं काम एवढंच.”

अवघड प्रसंग पुढेच आला. वैमानिकाची बसायची खोबण, म्हणजे कॉकपिट, पुरी झाली. सूनबाईने आठवडेच्या आठवडे खपून एकेक काटा, एकेक वायर, खटक्यांवरची झिजलेली अक्षरंसुद्धा केली होती. तिने काकांना भंगारातून आणलेल्या मोटारीच्या सीटवर बसवलं, समोर मोठा पडदा, आणि म्हणाली, “आता तुम्ही आत बसलाय, बाबा. बघा.”

काका बघत राहिले.

“ही माझी चिमणी नाही,” ते म्हणाले.

“काय चुकलं?”

“काही चुकलं नाही. सगळं जिथल्या तिथे आहे. पण ही माझी नाही. मी हिला ओळखत नाही.”

सूनबाईचा चेहरा उतरला. ती पडद्याकडे बघत बसली, मग काकांकडे, मग त्यांच्या हातांकडे. काकांचे हात मांडीवर नव्हते. डावीकडून आत वाकल्यासारखे तिरके हवेत धरलेले होते. तिला एकदम काहीतरी सुचलं. तिने नजरेची जागा हलवली. आसनातून उचलून बाहेर काढली, डावीकडे नेली, शिडीच्या वरच्या पायरीच्या उंचीवर आणून खाली झुकवली.

काकांच्या तोंडून “अगं!” एवढंच निघालं.

आता ते वरून, डावीकडून आत बघत होते. काटे तिरके, आसनाची पाठ जवळ, पलीकडचे खटके अर्धे झाकलेले. उघड्या काचेवर आभाळ सांडलेलं. आयुष्यभर त्यांनी चिमणीला या एकाच जागेवरून पाहिलं होतं. त्यांनी हात पुढे केला, तो काचेच्या पडद्याला लागला, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सूनबाईने ते दृश्य तसंच राहू दिलं आणि चहा टाकायला निघून गेली.

त्या दिवसापासून काकांना एक नवी रुखरुख लागली. चिमणीचं अर्धंच रूप आपल्याला ठाऊक आहे. जमिनीवरची चिमणी आपली. चाकं उचलल्यावरची चिमणी कोण होती, कशी होती, कुणास ठाऊक.

ही रुखरुख त्यांच्या एकट्याची नव्हती. मंडळींचंही घोडं तिथेच अडलं होतं. पुस्तिकेतले आकडे भरून चिमणी उडत होती. वेग बरोबर, उंची बरोबर. पण ती उडायची ती आगगाडीसारखी, रुळावरून गेल्यासारखी. हातात कशी लागायची, कुठे हट्ट करायची, कुठे लाडात यायची, हे कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं.

“तुमच्या ओळखीचे कुणी वैमानिक नाहीत का, बाबा?” सूनबाईने विचारलं.

एक होते. शीळसाहेब. शिडीकडे येताना कायम शीळ घालत यायचे म्हणून शीळसाहेब. त्याच शहरात, नदीपलीकडे राहत होते हे काकांना माहीत होतं. पण नोकरी सुटल्यापासून भेट नव्हती. “साहेबांना कसं बोलवायचं? ते ऑफिसर, मी फिटर,” काका कुरकुरले.

“आता दोघंही पेन्शनर,” काकू आतून म्हणाल्या. “लावा फोन.”

शीळसाहेब टॅक्सीतून उतरले ते काठी टेकत. अंगाने अगदीच झडले होते. हात सतत थरथरत होते. काकूंनी दिलेला चहा त्यांनी बशीतून दोन हातांनी कसाबसा प्यायला. काका त्यांच्यापुढे उभेच होते.

“बस रे, फिटर. तू उभा राहिलास की मला वाटतं आता तू माझे पट्टे आवळणार.”

सगळे हसले आणि अवघडलेपण सरलं.

सीटवर बसताना मात्र साहेबांना खरंच आधार द्यावा लागला. सूनबाईने चिमणी सुरू केली. तो सुरू होण्याचा आवाज काकांनी तोंडाने काढून दाखवला होता आणि तिने खटपटीने जुळवला होता. त्या दिवसांत शेजारीण येऊन विचारून गेली होती, तुमच्या पाण्याच्या मोटरचं काही बिघडलंय का? आता तो बारीक सूर खोलीत चढत गेला. साहेबांनी सीटसमोरचा, विमान वळवायचा दांडा धरला. आणि काकांनी पाहिलं, थरथर थांबली. एखाद्याने तापलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवावा तसा तो हात दांड्यावर शांत पडला.

चिमणी उडाली. साहेबांनी तिला वळवलं, चढवलं, उताणी केली. मग तोंड वाकडं केलं.

“फार गुणी आहे ही,” ते म्हणाले. “आमची एवढी गुणी नव्हती. पोरी, हिचा वेग फार कमी केला की पडण्याआधी ती कुरकुरायची. दांड्यात नाही, कमरेत कळायचं. बोचक्यात कुणी मांजर कोंडलंय असं. आणि दांडा नखभर हलवलास तर ही हातभर उडी मारायची. नवा माणूस पहिल्या दिवशी आकाशात बेडकासारखा उड्या मारत जायचा. ते बेडूकपण घाल हिच्यात.”

सूनबाईने “बेडूकपण” या शब्दाचं कसं भाषांतर करून मंडळींना कळवलं कोण जाणे, पण कळवलं. मास्तरांनी आकडेमोड केली, ट्रकवाल्या बाईने दांड्याची ओढ बदलली. पुढच्या आठवड्यात साहेब पुन्हा आले. “मांजर आलंय, पण फार लवकर ओरडतंय.” त्याच्या पुढच्या आठवड्यात, “आता बरं आहे, पण खाली येताना ही इतकी तरंगायची नाही, धोंड्यासारखी यायची.” असं करत करत हिवाळा सरला. साहेबांचं येणं घरच्यासारखं झालं. ते आले की काकू आपण होऊन कप अर्धाच भरायच्या, म्हणजे सांडायला नको.

आणि एका दुपारी साहेब उडवता उडवता बोलायचे थांबले. पडद्यावर ढगांची गादी पसरली होती, वर निळं पोकळ आभाळ. त्यांनी कुठलीही परीक्षा घेतली नाही, वळवलं नाही, काही नाही. नुसते सरळ जात राहिले. ओठांतून शीळ आली, अगदी हलकी.

“हीच,” ते म्हणाले. “ही ती आहे.”

काकांनी मनात इतकी वर्षं दाबून ठेवलेलं तेव्हा बाहेर आलं. “साहेब, एक विचारू? धाकटे साहेब गेले तेव्हा... म्हणजे त्याआधी... वर काय असतं? एकटं वाटतं का हो? मी खाली बसलेलो असायचो. मला वाटायचं, आपण इथे आहोत हे त्यांना आठवत असेल.”

साहेबांनी मान वळवली नाही. “खरं सांगू? राग मानू नकोस. वर गेल्यावर तू कधीच आठवला नाहीस. कुणीच आठवायचं नाही. वर शांत असतं रे. आवाज सगळा मागे राहतो. सगळं जग हळू होतं. मी चिमणीला विसरायचो, माझ्या हातापायांना विसरायचो. ज्याला खाली काही सैल राहिलं असेल अशी शंका असते, त्याला नाही असं विसरता येत. आम्हाला यायचं. तू विसरू द्यायचास.” मग म्हणाले, “तोही विसरलेलाच असणार. शेवटपर्यंत.”

खोलीत चिमणीचा सूर तेवढा चालू होता.

थोड्या वेळाने साहेबांनी चिमणी उतरवली, धावपट्टीवर थांबवली आणि सीटवरून उठायला लागले. “आता तू बस.”

“मी? नको, साहेब. मी इथेच बरा आहे.”

“बस म्हणतो ना! हा हुकूम आहे.”

“तुमचा हुकूम चालायचा काळ गेला, साहेब.”

“मग माझा आहे असं समजा,” दारातून काकू म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कुणाला कळलंच नव्हतं. “बसा. रोज हिला न्हाऊमाखू घालता, एकदा फिरायला तरी न्या.”

काका बसले. मोटारीच्या सीटला पट्टा होताच. साहेब काठी टाकून डावीकडून वाकले आणि थरथरत्या हातांनी तो लावू लागले. खटकन बसेना. काकांनी सवयीने हात पुढे केला, तसा साहेबांनी तो झटकला. “हात आत. वैमानिकाने मध्ये लुडबूड करायची नाही.” पट्टा एकदाचा बसला. साहेबांनी ओढून बघितला, मान हलवली आणि दोन पावलं मागे झाले.

पहिल्यांदा चिमणी पट्टीवरून घसरून गवतात गेली. दुसऱ्यांदा उडाली आणि बेडकासारख्या उड्या मारत तिने काकूंना खो खो हसवलं. तिसऱ्या खेपेला साहेब हळूच म्हणाले, “धरू नकोस रे तिला. नुसता हात ठेव.” काकांनी बोटं सैल केली. उड्या मंदावल्या. थांबल्या.

जमीन खाली खाली गेली. शेतांचे तुकडे, रस्त्यांच्या दोऱ्या, एखाद्या तळ्याने मध्येच डोळा मिचकावावा तशी चमक. मग पांढरं, नुसतं पांढरं. काचेवरून धुकं पळाल्यासारखा ढग. आणि मग तो सुटला. काका वर आले.

तिथे काही नव्हतं. खाली पिंजलेला कापूस क्षितिजापर्यंत, वर निळं, इतकं गडद की त्याला तळ असावा असं वाटेना. चिमणीची सावली ढगांवरून चालली होती, तिच्याभोवती रंगांचं एक बारीक कडं. सूनबाईने ते कडं कधी केलं होतं त्यांना माहीत नव्हतं. आवाज मागे राहिला होता. काट्यांवर पिवळं ऊन पडलं होतं आणि वळलं की ते सावकाश सरकायचं, घरात दुपारचं ऊन जमिनीवरून सरकतं तसं. काका डावीकडे वळले. उजवीकडे वळले. कुठे जायचं नव्हतं. कुणी यायचं नव्हतं. आपण किती वेळ असे चाललो आहोत हे त्यांना कळलं नाही, आणि कळत नाही हेही कळलं नाही.

काकूंनी एकदा पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांना तो जाणवला का, हे त्या नंतरही विचारणार नव्हत्या.

उतरवताना काकांनी चिमणी चांगलीच आपटली. चाक मोडलं, पंख घासला, ठिणग्या उडाल्या. “झालं!” साहेब म्हणाले. “आता दुरुस्त कोण करणार?” आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसले.

उन्हाळ्याच्या तोंडाला मंडळींनी चिमणी सगळ्यांसाठी खुली केली. ज्याला हवी त्याने घ्यावी आणि उडवावी. कुठल्या कुठल्या गावांतून लोक ती उडवू लागले आणि बेडकासारख्या उड्या मारू लागले. काहींनी तक्रार केली, फार अवखळ आहे, जरा माणसाळवा. मंडळींनी साफ नकार दिला. घड्याळजींनी काकांना निरोप पाठवला, की पुढचं विमान घेतोय, यायचं का? दोन आसनांचं, शिकाऊ वैमानिकांचं. काकांनी ते कधी पाहिलेलंही नव्हतं. “मग मला काय कळणार त्यातलं?” ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर जाऊन बसले.

शीळसाहेबांना पुढे जिना झेपेना. आता काकाच नदी ओलांडून त्यांच्याकडे जातात. चिमणीबद्दल फारसं बोलत नाहीत. साहेबांच्या गॅलरीत बसून रस्त्यावरची रहदारी बघतात.

दुपारी घर शांत असलं की काका अजून चिमणी घेऊन वर जातात. उतरवायला अजूनही नीट जमत नाही, म्हणून ते बहुतेक वेळा उतरवतच नाहीत. स्वयंपाकघरातून काकूंची हाक येते, “अहो, दूध संपलंय!” तेव्हा काका एक कळ दाबतात आणि सगळं आहे तिथे थांबतं. ढग थांबतात, उन्हाची तिरीप थांबते, चिमणी निळ्यात तशीच लटकून राहते. काका पायांत चपला सरकवतात, पिशवी घेतात आणि जिना उतरून दुकानाकडे चालू लागतात.